तुरा दिसतो कार्तिकात, ठरतो भाद्रपदात : वनस्पतीच्या वाढीकडून प्रजननाकडे जाणारे वळण

कृष्णाकाठ (वाळवा तालुका)

नमस्कार मंडळी.

गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस लावलेला आमचा आडसाली, म्हणजे साधारण दीड वर्षाने तुटणारा, ऊस यंदा दिवाळी सरता सरता तुऱ्यावर, म्हणजे फुलोऱ्यावर, आला, आणि आता डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बांधावर उभे राहिले की सगळा प्लॉट रुपेरी दिसतो. यात नवल काही नाही; आमच्या भागात आडसालीला दुसऱ्या हिवाळ्यात तुरा येतोच. नवल आहे ते रस्त्याकडच्या कोपऱ्यात. गेल्या उन्हाळ्यात तेथे रस्त्यावर दिव्याचा खांब उभा राहिला, आणि त्या खांबाखाली सहा-सात सऱ्या रुंद व तीसेक पावले लांब असा एक पट्टा आहे, ज्यात एकाही उसाला तुरा नाही. जात तीच, लागण त्याच दिवसाची, बेणे एकाच मळ्यातले, पाणी एकाच पाटाचे. पट्ट्याच्या कडेला एखाददुसरा तुरा दिसतो आणि उजेड जेथे संपतो तेथून सलग तुरे सुरू होतात.

शेजारच्या मळ्यातील आण्णांचे म्हणणे असे की त्या कोपऱ्यात पूर्वी उकिरडा होता, जमिनीत नत्र जास्त आहे, म्हणून ऊस अजून वाढीच्या भरात आहे. हे म्हणणे निराधार नाही, कारण नत्र कमी पडले किंवा पाणी साचून राहिले की तुऱ्याचे प्रमाण वाढते, हे आपण सगळेच पाहतो. परंतु उकिरड्याचा खड्डा चौकोनी होता आणि बिनतुऱ्याचा पट्टा उजेडाच्या आकाराचा, लांबट गोल आहे.

या निमित्ताने गेले पंधरा दिवस मी जुनी टिपणे काढून वाचत आहे, आणि मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. शाळेच्या पुस्तकात बी, रोप, झाड, फूल, फळ आणि पुन्हा बी असे चक्र काढलेले असते. ते खरे आहे. पण त्यात रोपाकडून फुलाकडे जाणारा जो बाण असतो, त्या एका बाणातच आम्हा शेतकऱ्यांचे निम्मे नफा-नुकसान दडलेले आहे, आणि तो बाण नेमका कोणत्या दिवशी सुटतो हे चित्रात कुठेच दिसत नाही. फूल डोळ्यांना दिसते तेव्हा तो निर्णय झाडाने कितीतरी आठवडे आधी घेतलेला असतो.

उसाचेच घ्या. उसाला तुऱ्याचा इशारा मिळतो तो दिवस लहान होत जाऊन साडेबारा तासांच्या आसपास येतात तेव्हा. आपल्या अक्षांशावर ही वेळ ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे गौरी-गणपतीच्या सुमारास येते. त्या दिवसांत शेंड्याच्या आत पाने घडवणारे टोक पाने घडवणे थांबवते आणि तुऱ्याचा दांडा घडवू लागते. बाहेरून काहीही दिसत नाही. पुढे आठ-दहा आठवड्यांनी आखूड पात्याचे, पण लांब वेढ्याचे शेवटचे पान निघते आणि त्यातून तुरा बाहेर पडतो.

दुसरी अट वयाची आहे. आमचा हाच ऊस गेल्या वर्षी गणपतीत दीड महिन्याचा होता. दिवस तेवढेच लहान होत होते, रात्री तेवढ्याच उबदार होत्या, तरी त्याने त्या इशाऱ्याकडे लक्ष दिले नाही, कारण त्याला अजून कांडी सुटलेली नव्हती. काही कांड्या तयार झाल्याशिवाय उसाला तो इशारा समजतच नाही. वनस्पतिशास्त्रात या काळाला बाल्यावस्था म्हणतात. त्यानंतर येते ती नुसत्या वाढीची, म्हणजे शाकीय अवस्था, आणि या दोन्हींमधील फरक बाहेरून पाहून सांगणे कठीण असते. झाड सारखेच हिरवे, सारखेच वाढते, पण एकाला फुलण्याची पात्रता आलेली असते आणि दुसऱ्याला नसते.

तुरा आला की त्या उसाची उंची संपली. शेंडा हाच वाढीचा बिंदू होता आणि तो फुलात खर्च झाला. साखर लगेच कमी होत नाही. उलट काही आठवडे शेंडा नवे काही घडवत नसल्यामुळे साखर कांडीतच साठते. परंतु दीड-दोन महिने उलटले की डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) येतात, वरच्या कांड्यांना दशी पडते, म्हणजे त्या आतून पोकळ-भुसभुशीत होतात, आणि वजन घटू लागते. म्हणून तुऱ्याचा प्लॉट तोडणीच्या क्रमात पुढे असायला हवा. दोन वर्षांपूर्वी आमच्या तुऱ्याच्या उसाला फेब्रुवारीच्या शेवटी तोड मिळाली. ज्यांच्या हाती क्रम होता त्यांनी लागणीची तारीख पाहिली, पीक कोणत्या अवस्थेत आहे हे पाहिले नाही. एकरी किती टन गेले हे मला वजनकाट्यावर कळले, आणि तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो आहे.

जाणकारांनी आपापल्या पिकाबद्दल लिहावे, ही विनंती. तुमच्या पिकात हे वळण कधी येते, आणि ते तुम्हाला कशावरून कळते?

बाळी आणि घड (तासगाव)

दादा, आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. द्राक्षात तर हे वळण कळले नाही तर बाग उभी असून रिकामी राहते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) एखादा डोळा राखून सगळ्या काड्या उतरवणे. आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. ऑक्टोबर छाटणीनंतर दोन-तीन आठवड्यांत फुटीबरोबर घड बाहेर पडतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटते की घड ऑक्टोबरात तयार झाला. प्रत्यक्षात तो मे-जूनमध्येच काडीवरील डोळ्याच्या आत तयार झालेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान डोळ्यात एक सूक्ष्म उंचवटा तयार होतो, आणि त्या क्षणी तो ना घड असतो ना बाळी. ज्याला पुस्तकात तणावा म्हणतात आणि आम्ही बाळी म्हणतो, ती आणि घड हे एकाच मुळातून निघतात. डोळ्यावर भरपूर ऊन पडले, काडीत अन्नसाठा झाला, वेलीत सायटोकायनिन या संजीवकाचे पारडे जड राहिले तर त्याचा घड होतो. ढगाळ हवा, दाट पानोरा, नत्राचा मारा आणि त्यामुळे वाढलेले जिबरेलिन हे दुसरे संजीवक असले तर त्याचीच बाळी होते. म्हणून आम्ही काडी सात-आठ पानांवर खुडून सबकेन (बगलेतून फुटणारी उपकाडी) करतो, पानांची गर्दी विरळ करतो आणि वाढ आवरण्यासाठी सायकोसेल फवारतो. या सगळ्या कामांचा उद्देश एकच असतो, तो म्हणजे शेंड्याकडे धावणारी वेल क्षणभर थांबवून तिला डोळ्याकडे वळवणे.

माझ्याच बागेत झालेली चूक सांगते. एका वर्षी मजूर मिळाले नाहीत म्हणून खरड छाटणी मेच्या दुसऱ्या आठवड्यावर गेली. चाळीस दिवस मोजा. घड ठरण्याचे दिवस थेट जूनच्या शेवटच्या ढगांत गेले. त्यात एका दुकानदाराने फूट चांगली येईल म्हणून सुचवलेले टॉनिक मी विश्वासाने फवारले, ज्यात जिबरेलिन होते हे मला नंतर समजले. ऑगस्टपर्यंत काडी अंगठ्याएवढी जाड, पाने काळीभोर, बाग पाहून लोक कौतुक करत. सप्टेंबरात डोळे तपासणीसाठी काड्या दिल्या. तपासणाऱ्याने डोळा धारदार पात्याने उभा चिरला आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितले. चांगल्या डोळ्यात आत बारीक दाण्यांचा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पुंजका दिसतो. माझ्या डोळ्यांत त्या जागी एक गुळगुळीत, वाकडे बोट होते. एकामागून एक नऊ डोळे चिरले आणि सात डोळ्यांत तेच बोट. बाहेर बाग डौलात उभी होती आणि आत वर्षाचे पीक नव्हते.

आणखी एक गोष्ट मला फार अद्भुत वाटते. मे-जूनमध्ये जे जिबरेलिन घडाचा शत्रू ठरते, तेच डिसेंबरात आम्ही घड जिबरेलिनच्या द्रावणात बुडवून मण्यांना स्वतःहून देतो. याचे कारण प्रजननाच्या पुढच्या टप्प्यात आहे. थॉमसन, तास-ए-गणेश या जातींत परागीभवन होते, फलनही होते, परंतु बीजाचा गर्भ कोवळेपणीच मरून जातो आणि मण्यात त्याची पुसटशी खूण तेवढी राहते. बी वाढले असते तर त्यानेच मण्याला फुगण्यासाठी संजीवक पुरवले असते. बी नाही, म्हणून ते काम आम्ही करतो. द्रव्य एकच, झाडाच्या आयुष्यातील अवस्था बदलली की त्याचा अर्थ बदलतो.

माणदेशी शाळू (दहिवडी)

आमच्याकडे बाग नाही, पाटाचे पाणी नाही, त्यामुळे आमचे शास्त्र थोडक्यात आहे.

शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, पाणी एकदाच देता येणार असेल तर ते कोणत्या दिवशी द्यायचे, यावर माणदेशात घरे चालली आहेत. शिफारस चार वेळांची आहे: पेरणीनंतर २८ ते ३० दिवसांनी जोमाच्या वाढीत, ५० ते ५५ दिवसांनी पोटरीत, ७० ते ७५ दिवसांनी फुलोऱ्यात आणि ९० ते ९५ दिवसांनी दाणे भरताना. यातील पहिली वेळ लोकांना समजत नाही, कारण तेव्हा शाळू गुडघ्याएवढाही नसतो आणि त्याला तहान लागलेली दिसत नाही. पण कृष्णाकाठ यांनी म्हटले तेच येथेही लागू आहे. महिन्याच्या आसपासच शेंड्यातले टोक पाने सोडून कणसाकडे वळते, आणि कणसात किती दाण्यांना जागा मिळणार याचा पाया तेव्हाच पडतो. पोटरीत पाणी चुकले तर कणीस पानाच्या वेढ्यात अडकून अर्धेच बाहेर येते. ते अर्धे कणीस ज्याने पाहिले आहे त्याला पोटरी शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शाळूदेखील लहान दिवसांचे पीक आहे. उशिरा पेरला तर ताट आखूड राहते, कारण वाढीला पुरेसे दिवस मिळण्यापूर्वीच त्याला फुलण्याचा इशारा मिळून जातो. दाणा मिळतो, कडबा मिळत नाही, आणि जनावरे असणाऱ्या घराला कडबा दाण्याइतकाच मोलाचा असतो.

कासची वाट (सातारा)

मी साताऱ्यात अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आहे. कृष्णाकाठ यांच्या दिव्याबद्दल प्रथम लिहिते, कारण मूळ प्रश्न तोच आहे.

१९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघांनी तंबाखूच्या एका जातीवर काम करताना दाखवून दिले की झाडाचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. ती तंबाखू उन्हाळ्यात शेतात माणसापेक्षा उंच वाढे आणि फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात ठेवली की लहान असतानाच फुले. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी आपल्याकडे शंकेश्वर नावाने रानोमाळ उगवणाऱ्या काटेरी तणावर प्रयोग केले आणि लक्षात आले की झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते. त्यातही सलग काळोख मोजते. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटे उजेड पाडला तरी झाडाच्या हिशेबी ती रात्र तुटते आणि फुलोरा येत नाही. हरितगृहांत शेवंतीला रात्री दिवे लावून हव्या त्या उंचीपर्यंत वाढू देतात आणि मग दिवे बंद करून कळी धरायला लावतात, ते याच तत्त्वावर. त्यामुळे रात्रभर चालू असलेल्या दिव्याखालच्या उसाला भाद्रपदातील रात्र लांब झाल्याचे कळलेच नाही, हे मला पूर्णपणे संभवनीय वाटते. आण्णांचा नत्राचा मुद्दाही लगेच सोडू नये. पुढच्या सप्टेंबरात खांबाच्या एका बाजूला पत्रा बांधून उजेड अडवा आणि उकिरड्याच्या जागेवरच सावली पाडा; तेथे तुरा आला तर नत्राचे कारण बाजूला पडेल.

एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. रात्र मोजण्याचे काम शेंडा करत नाही, पान करते. पानाने मोजलेली गोष्ट शेंड्यापर्यंत पोहोचते कशी, याचे कोडे फार काळ सुटलेले नव्हते. रशियातील चायलाख्यान यांनी १९३७ मध्ये या अज्ञात निरोप्याला फ्लोरिजेन असे नाव दिले, परंतु तो पदार्थ कोणाच्या हाती लागत नव्हता. अखेर २००७ च्या सुमारास सिद्ध झाले की तो एक लहानसे प्रथिन आहे, जे पानात तयार होऊन अन्नवाहिन्यांतून शेंड्यात पोहोचते आणि तेथील पेशींना पाने थांबवून फुले घडवायला लावते. सत्तर वर्षे केवळ कलमे बांधून आणि पाने झाकून ज्याचे अस्तित्व मान्य केले गेले, तो निरोप्या शेवटी सापडला, हे वर्गात सांगताना मला दरवेळी आनंद होत असे.

आता आमच्या कास पठाराविषयी. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला आणि कासला गर्दी वाढली, पण बहुतेक लोक तेथे रंग पाहून परततात. कासवर एकाच चौरस मीटरमध्ये आयुष्य जगण्याच्या तीन वेगळ्या पद्धती शेजारी शेजारी उभ्या असतात. जांभ्या खडकावर बोटभर माती असते आणि ती पावसाळ्यापुरतीच ओली राहते. तेरडा, गेंद, सीतेची आसवे यांना जूनमध्ये उगवून ऑक्टोबरपर्यंत बी टाकून मोकळे व्हावे लागते. त्यांची बाल्यावस्था आठवड्यांत संपते, कारण लांबवली तर पुढे पाणीच नाही. मुख्यतः साताऱ्याच्या परिसरात आढळणारा वायतुरा मात्र कंदात साठा ठेवून उन्हाळा जमिनीखाली काढतो आणि पहिल्या पावसातच फुलून घेतो. तिसरी पद्धत टोपली कारवीची. ती वर्षामागून वर्षे नुसती वाढते, टोपलीसारखा गोल झुडपा करते, आणि सातव्या वर्षी सगळे पठार एकदम जांभळे होते.

उतारांवरील मोठ्या कारवीचेही तसेच आहे. सात-आठ वर्षे वाढ, एकदाच फुलोरा, मग मरण. हिच्याच कुळातील दक्षिणेकडची नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते; १९९४, २००६ आणि २०१८ ही तिची अलीकडची वर्षे. फुलून गेलेल्या कारवीच्या काठ्या वर्षभर वाळत उभ्या राहतात, आणि पुढच्या पावसाचे थेंब वाळलेल्या बोंडांवर पडले की ती फुटतात आणि बिया उडतात. पहिल्या पावसात त्या रानातून गेल्यास चारही बाजूंनी बारीक तडतड ऐकू येते. सगळ्यांनी एकाच वर्षी फुलण्यातला लाभ असा मानला जातो की बी खाणारे किडे, पाखरे आणि उंदीर कितीही खाल्ले तरी संपवू शकत नाहीत, आणि उरलेले बी रुजते. मात्र ही पद्धत निवडलेल्या झाडाला दुसरी संधी नसते. फुलोऱ्याच्या वर्षी झुडपे तुडवली किंवा तोडली गेली तर मागच्या सात वर्षांची वाढ आणि पुढची पिढी दोन्ही एकाच वेळी जातात. म्हणून पठारावर दोरीच्या आत पाऊल टाकू नका, असे मी विनवणी करून सांगते.

अंगणातला आंबा (कराड)

सर्वांचे लेखन मन लावून वाचले. माझा प्रश्न लहान आहे. हापूसची कोय लावून उगवलेले झाड घराशेजारी आहे. यंदा नववे वर्ष. उंची दुमजली घराएवढी, मोहोर एकदाही नाही. शेजाऱ्यांनी आणलेल्या कलमाला मात्र पिशवीतच मोहोर आला होता. माझ्या झाडात दोष आहे का?

कासची वाट (सातारा)

ताई, दोष मुळीच नाही. आपले झाड खरोखरीच नऊ वर्षांचे आहे आणि शेजाऱ्यांचे कलम पिशवीत असले तरी वयाने मोठे आहे. कलमाची काडी फळ देणाऱ्या प्रौढ झाडावरून घेतलेली असते. ती कोवळ्या रोपावर बांधली तरी आपली प्रौढावस्था विसरत नाही, आणि म्हणूनच रोपवाटिकेतही मोहोर धरते. तो मोहोर पहिली तीन वर्षे खुडून टाकतात, कारण झाडाला फुलण्याची पात्रता असली तरी फळ पोसण्याइतकी पाने नसतात. कोयीच्या झाडाला बाल्यावस्था पहिल्यापासून पार करावी लागते आणि तिला सहापासून दहा वर्षेही लागतात. खते-पाणी, विशेषतः नत्र, जास्त देऊ नका. हापूसच्या कोयीत बहुधा एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून आलेला असतो, त्यामुळे फळ हापूससारखेच येईल असे धरून चालू नका. ते आपल्याच अंगणातले वेगळे, नवे झाड असेल.

हळदीचे शेत (सांगली)

वरच्या उत्तरातील "नवे झाड" या शब्दांवरून लिहावेसे वाटले, कारण आमच्या पिकात नवे झाड कधी येतच नाही.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही अक्षय तृतीयेच्या सुमारास जेठे गड्डे (मुख्य मातृकंद) लावतो. पहिला दीड महिना उगवणीचा, पुढे पाचव्या महिन्यापर्यंत पाने आणि फुटव्यांचा, नंतर हळकुंडे फुटण्याचा आणि शेवटी ती भरण्याचा. पावसाळा ओसरताना पानांच्या मधून फुलांचा दांडा येतो. त्याच्या टोकाची पांढरट-गुलाबी पाने लोकांना फुले वाटतात. खरी पिवळसर फुले खालच्या हिरवट पानांच्या बगलेत असतात आणि एका दिवसात कोमेजतात. या फुलांना बी धरत नाही. हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे तर तीन संच असतात, एकूण ६३. तिनाची सारखी वाटणी होत नाही, त्यामुळे पराग आणि बीजांड नीट तयार होत नाहीत.

म्हणजे आमच्या घरात पणजोबांच्या काळापासून बेणे राखलेली राजापुरी हळद हे मुलगी, नात, पणती असे काही नाही. ते एकच झाड आहे, जे दरवर्षी पाला वाळवून जमिनीखाली उतरते आणि पुन्हा वर येते. यामुळे चव आणि रंग टिकतो. पण कंदकूज आली तर सगळ्या शेताची प्रतिकारशक्ती सारखीच कमी पडते, कारण शेतात दुसरे कोणी नसतेच. बेणे निवडताना माझी आई प्रत्येक गड्डा हातात घेऊन डोळा दाबून पाहत असे, आणि आता मी पाहतो. जेथे बी नाही तेथे निवड करण्याची तेवढी एकच जागा आपल्या हाती आहे.

कृष्णाकाठ (वाळवा तालुका)

हळदीच्या या प्रतिसादाला जोडून उसाचे सांगतो. ऊसही आपण कांडी लावूनच वाढवतो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगभर हीच समजूत होती की उसाला उगवणारे बी येत नाही. १८८८ मध्ये जावा बेटावर आणि पाठोपाठ बार्बाडोसमध्ये तुऱ्यातील बी रुजते हे सिद्ध झाले. त्यावरच १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास संस्था सुरू झाली. आपल्या साताऱ्यात, फलटण तालुक्यातील पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तेथे कोइमतूरहून आलेल्या तुऱ्यातील बियांची रोपे करून त्यांतून आपल्या मातीत टिकणारी निवडतात. ज्या को ८६०३२ वर आमच्या तालुक्यातील कितीतरी घरे उभी आहेत, ती जातही कधीतरी एका तुऱ्यातील धुळीएवढ्या बीपासूनच उगवलेली आहे. मला नकोसा असणारा तुरा पैदासकाराला हवा असतो, हे लक्षात आल्यापासून त्याच्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

आता दिव्याकडे. मॅडमनी सुचवलेला पत्र्याचा प्रयोग पुढच्या गणपतीत करणारच आहे. खांबाला हात लावण्याची परवानगी आधी घेईन. पण तोवर धीर धरवेना. काल तोडणीची टोळी आली, तेव्हा पट्ट्यातील पाच आणि अंधारातील पाच ऊस वेगळे काढून ठेवले, आणि संध्याकाळी ओसरीवर मुलाला घेऊन बसलो.

अंधारातल्या उसाचा शेंडा उभा चिरला. वाड्याची, म्हणजे शेंड्याकडची, पाने सोलत गेलो तर आत बोटभर जाडीचा पोकळसर दांडा सरळ वर गेलेला, त्याच्या दोन्ही बाजूंना नवे पान म्हणून काही नाही, आणि खाली तिसऱ्या कांडीपासून मधोमध कापसासारखी पांढरी दशी सुरू झालेली. वरून चौथ्या डोळ्याला हिरवी पांगशी फुटली होती. पाचही उसांत थोड्याफार फरकाने हेच.

मग दिव्याखालचा घेतला. पाने सोलायला कितीतरी वेळ लागला, कारण एकाच्या आत एक, त्याच्या आत आणखी एक, अशी ती संपतच नव्हती. शेवटची पाने पिवळट-पांढरी आणि नखाएवढी होती. त्यांच्या तळाशी मुलाने भिंगातून पाहिले तर मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान असा ओलसर, गोल उंचवटा होता, आणि त्याच्या कडेला आणखी एका पानाची चंद्रकोर नुकतीच वर येत होती.

कांड्या मोजल्या. दिव्याखालच्या उसांना सरासरी चार कांड्या जास्त भरल्या.